‘थांबा’ म्हणणारा आवाज
वाचकांचे प्रश्न : विमानप्रवास

विमानप्रवासाविषयी प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांत एकच शब्द आहे : थांबवलं. विमान थांबवलं, आम्हाला थांबवलं, धावपट्टीजवळ नेऊन अर्धा तास थांबवलं. मी ३७ वर्षं हवाई वाहतूक नियंत्रक होते. बहुतेक नोकरी मुंबईत झाली, मधली काही वर्षं नागपुरात. २०२४ साली निवृत्त झाले. वैमानिकाला ‘थांबा’ सांगणारा आवाज बऱ्याचदा माझ्यासारख्यांचाच असतो. त्यामुळे ही पत्रं मला माझ्याच नावावर आल्यासारखी वाटली. पाच निवडली आहेत.

मुलीच्या परीक्षेसाठी जानेवारीत मुंबईहून बेंगळुरूला निघालो होतो. मुंबईत लख्ख ऊन, बेंगळुरूतही हवा स्वच्छ. तरी विमान पाच तास उशिरा सुटलं. काउंटरवर विचारलं तर ‘दिल्लीत धुकं आहे’ एवढंच उत्तर. आमचा दिल्लीशी काय संबंध? ही थाप होती का?
— एक वडील, वर्तकनगर, ठाणे

दादा, थाप असेलच असं नाही. पण तुम्हाला नीट सांगितलं गेलं नाही, आणि ते मला खटकतं.

एसटीची गाडी डोळ्यांसमोर आणा. सकाळी ठाण्याहून नाशिकला गेलेलीच गाडी दुपारी परत येते आणि मग तिसऱ्या गावाला जाते. विमानाचंही तसंच. ‘बेंगळुरूचं विमान’ म्हणून वेगळं काही उभं केलेलं नसतं, ते त्या फेरीचं नाव असतं. देशांतर्गत उडणारं विमान दिवसाला पाच-सहा फेऱ्या करतं. पहाटे गुवाहाटीहून दिल्ली, तिथून मुंबई, मग बेंगळुरू, पुढे आणखी कुठे. आपला देश एवढा लांब-रुंद आहे की एका टोकाला पहाटे साचलेलं धुकं दुसऱ्या टोकाच्या प्रवाशाला दुपारी गाठतं. मधल्या काळात तुमचं विमान तुमच्यापासून हजारभर किलोमीटरवर इंजिन बंद करून उभं असतं.

दिल्लीत धुक्यात उतरण्याची उत्तम यंत्रणा आहे. धावपट्टीवर ५० मीटरपर्यंतच दिसत असलं तरी तिथे विमान उतरू शकतं. मात्र त्यासाठी विमानात तशी उपकरणं हवीत आणि वैमानिकाने तसं प्रशिक्षण घेतलेलं हवं. दोन्हींपैकी एक नसेल तर विमानाला जयपूर, लखनौ, अहमदाबाद असं कुठेतरी वळावं लागतं. आणि सगळं असलं तरी वेग मंदावतोच. धुक्यात विमान जमिनीवरून येणाऱ्या रेडिओ लहरींच्या वाटेने खाली येतं. पुढचं विमान धावपट्टीच्या आसपास रेंगाळत असेल तर त्या लहरी बिघडतात. म्हणून दोन विमानांत एरवीपेक्षा बरंच जास्त अंतर ठेवावं लागतं. तासाला उतरणारी विमानं कमी झाली की रांग लागते आणि ती मुंबईपर्यंत येते. त्यात वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा आहे. धुक्यात बसून ते तास संपले तर नवे वैमानिक येईपर्यंत विमान हलत नाही, आणि हलू नयेच.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगते. काउंटरवर ‘उशीर का?’ असं विचारू नका. दोन नेमके प्रश्न विचारा : आमच्या फेरीचं विमान या क्षणी कुठे आहे, आणि ते तिथून निघालं का? याचं उत्तर त्यांच्या पडद्यावर असतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर खाण्यापिण्याची सोय करायची असते. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातली निवड तुमची. हवामानासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर मात्र भरपाई मागता येत नाही. म्हणून तर कारण लेखी मागून घ्यायचं. पटलं नाही तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि मग सरकारच्या ‘एअरसेवा’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. तुमच्या मुलीची परीक्षा वेळेत झाली, असं पत्राच्या शेवटी लिहिलं आहे. वाचून बरं वाटलं.

आमच्या खिडकीसमोरून दिवसभर मुंबईला उतरणारी विमानं जातात. पावसाळ्यात तर खंड नसतो. पण थंडीत एखाद्या सकाळी एकही दिसत नाही. तेव्हा विमानतळ बंद असतो का? आणि आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय तर हा आवाज कमी होईल का?
— एक गृहिणी, कोपरखैरणे

ताई, आपण शेजारणी आहोत. मीही कोपरखैरण्यातच राहते आणि संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले की याच विमानांखाली उभी असते. नोकरीत ही विमानं मला पडद्यावरचा ठिपका आणि त्याशेजारचे आकडे म्हणून दिसायची. आता चाकं सुद्धा दिसतात.

विमानतळ बंद नसतो, वारा फिरलेला असतो. विमान नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उतरतं आणि उडतं. समोरून वारा असला की पंखांना आधार मिळतो आणि जमिनीवरचा वेग कमी राहतो, त्यामुळे थांबायला धावपट्टी पुरते. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. तिच्या दोन टोकांना ०९ आणि २७ म्हणतात. पूर्वेकडे तोंड म्हणजे होकायंत्राचे ९० अंश आणि पश्चिमेकडे २७०, शेवटचं शून्य गाळलं की धावपट्टीचा क्रमांक मिळतो. आपल्याकडे वर्षातला बहुतेक काळ वारा समुद्रावरून येतो आणि पावसाळ्यात तर जोरातच. म्हणून विमानं आपल्या बाजूने, ठाण्याची खाडी ओलांडून, घाटकोपरवरून २७ वर उतरतात. विमान खाली येतं ते तीन अंशांच्या उताराने, म्हणजे दर सागरी मैलाला तीनशेहून थोडे जास्त फूट. त्या हिशेबाने कोपरखैरण्यावर ते दोन हजार फुटांच्या आसपास असतं. थंडीत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो. तेव्हा दिशा उलटी करतात आणि विमानं समुद्राकडून येतात. तुमची खिडकी शांत होते आणि जुहूवाल्यांची जागी होते.

जुहू म्हटलं की मला थांबावंच लागतं. १९२८ साली तिथे विमानतळ झाला. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन छोट्या ‘पस मॉथ’ विमानातून तिथेच उतरले. त्या वेळी शहर लांब होतं. मग जुहू अपुरं पडलं म्हणून सांताक्रूझ आलं आणि त्यालाही चहूबाजूंनी वस्तीने वेढलं. सांताक्रूझला दुसरी धावपट्टीही आहे, १४ आणि ३२ नावाची, पण ती पहिलीला मधोमध छेदून जाते. रस्त्यावरच्या चौकासारखंच ते. दोन रस्ते असले तरी एका वेळी एकाच रस्त्याला हिरवा दिवा मिळतो. त्या एकाच वापरात असलेल्या पट्टीवर तासाला ४६ विमानं आम्ही हाताळत होतो, म्हणजे सव्वा मिनिटाला एक उतरणारं किंवा उडणारं. तुमच्या खिडकीतून एखादं विमान उतरता उतरता पुन्हा वर चढलेलं दिसलं तर घाबरू नका. पुढचं विमान पट्टीवरून वेळेत बाजूला झालेलं नसतं, म्हणून आम्हीच त्याला परत वर पाठवतो. ‘आणखी दहा सेकंद थांबून बघू’ असं आमच्या कामात नसतं.

नवी मुंबईचा विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटन होऊन त्याच वर्षी २५ डिसेंबरला प्रवाशांसाठी सुरू झाला. मला या आराखड्यात मोठी वाटते ती गोष्ट म्हणजे टर्मिनलचा कमळासारखा आकार नाही. दोन समांतर धावपट्ट्यांची जागा आहे, ती मोठी गोष्ट. प्रत्येकी ३,७०० मीटर. सध्या एक चालू आहे. दुसरी झाली की एकीवर विमान उतरत असताना दुसरीवरून उडू शकेल. सांताक्रूझला हे कधीच शक्य झालं नाही. दोन्ही विमानतळ आकाशातून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर आहेत, धावपट्ट्यांची दिशाही जवळपास सारखी. म्हणून वारा फिरला की दोघांनाही फिरावं लागतं. हे सांभाळणाऱ्या माझ्या धाकट्या सहकाऱ्यांचं काम आमच्यापेक्षा अवघड आहे.

तुमचा आवाज कमी होईल, असं आश्वासन मात्र मी देणार नाही. सांताक्रूझला वर्षाला पाच कोटींहून जास्त प्रवासी येतात-जातात. तिथे जागा मोकळी झाली की भरायला कोणीतरी रांगेत असतंच. रात्रीच्या उड्डाणांवर मर्यादा हवी असेल तर ती नागरिकांना मागावी लागेल, आणि मागावी असं माझं मत आहे. तान्ह्या मुलांची आणि आजारी माणसांची झोप ही काही लहान गोष्ट नाही.

‘मुंबई’ म्हणून तिकीट काढलं तर कुठला विमानतळ मिळेल? जावई नागपूरहून येणार आहेत.
— सासूबाई, नौपाडा, ठाणे

तिकिटावर तीन अक्षरं बघा. बीओएम असेल तर सांताक्रूझ-सहार, एनएमआय असेल तर नवी मुंबई. शोधताना दोन्ही एकाच यादीत येऊ शकतात, म्हणून पैसे भरण्याआधी बघायचं. नौपाड्याहून सांताक्रूझ-सहारला जायचं तर मुलुंड-पवईची गर्दी, नवी मुंबईला जायचं तर ठाणे-बेलापूर रस्ता आणि पुढे पाम बीच. जावयांना परतीची अक्षरं सुद्धा बघायला सांगा. येताना एक आणि जाताना दुसरा विमानतळ असं होऊ शकतं.

मुलगा गुवाहाटीला नोकरीला आहे. पहिल्यांदाच एकटी विमानाने जाते आहे. लोणचं, तूप, सुकं खोबरं, देवपूजेचा कापूर असं सगळं बांधलंय. शेजारीण म्हणते काढून घेतील. खरं का?
— एक आई, कळवा

वहिनी, खोबरं आणि कापूर घरीच ठेवा, दोन्ही गुवाहाटीत मिळेल. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं आणि बंद जागेत ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. म्हणून मालवाहतुकीच्या जागतिक नियमांत त्याची धोकादायक वस्तूंत गणना आहे. कापूर तर पेटायलाच जन्मलेला. काडेपेटीही नको. लोणचं आणि तूप नीट बांधून मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत नको. पॉवर बँक असेल तर बरोबर उलटं करायचं, ती हातातच हवी. विमानाच्या पोटात बॅटरी पेटली तर कोणाच्या लक्षात यायला वेळ लागतो, केबिनमध्ये लगेच विझवता येते. तपासणीला खाकी गणवेशातली माणसं असतात, ती केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची. १९९९च्या डिसेंबरात काठमांडूहून दिल्लीला येणारं विमान पळवून कंदाहारला नेलं, त्यानंतर विमानतळांची सुरक्षा या दलाकडे देण्यात आली. त्यांच्याशी मराठीत बोललात तरी बिघडत नाही. समजलं नाही तर ‘पुन्हा सांगा’ म्हणा, घाई करू नका. खिडकीची जागा मिळाली आणि हवा स्वच्छ असली तर उतरण्याआधी ब्रह्मपुत्रा दिसेल, ती चुकवू नका.

माझं गाव विमानतळात गेलं. आम्ही आता पुनर्वसनाच्या वसाहतीत राहतो. आजी विमान दिसलं की म्हणते, ‘आपले शेतान इमान उतरतंय.’ मी बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरचे म्हणतात विमानतळावर सफाईचं किंवा ट्रॉलीचं काम मिळालं तरी खूप झालं. मला टॉवरमधलं काम करायचंय. आमच्यातल्या मुलीला ते जमेल का? इंग्रजी वाचते, पण बोलताना अडखळते.
— विद्यार्थिनी, पनवेल तालुका

बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी आजीसाठी दोन ओळी. त्या जागेसाठी दहा गावं उठली, उलव्याचा डोंगर कापला, नदीचा प्रवाह वळवला. नवी मुंबई वसवण्यासाठी जमिनी घेतल्या गेल्या, तेव्हा योग्य मोबदल्यासाठी १९८४च्या जानेवारीत जासई परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले आणि गोळीबारात पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा हक्क त्या लढ्यातून आला. विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून २०२१ साली माणसं पुन्हा रस्त्यावर उभी राहिली, हे तुझ्या आठवणीतलं असेल. सफाईचं आणि ट्रॉलीचं काम मानाचंच आहे, त्या हातांशिवाय विमानतळ एक दिवस चालणार नाही. पण जमीन देणाऱ्या घरातल्या मुलीने फक्त तळमजल्यावर यावं, असं कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही. वर टॉवरपर्यंतचा जिना तुझाही आहे.

माझं सांगते. वडील वागळे इस्टेटमध्ये फिटर होते, आम्ही किसननगरच्या चाळीत राहायचो. १९८७ साली निवड झाली तेव्हा आईने विचारलं, ‘म्हणजे तू विमानाला बसची घंटी देणार?’ आता वाटतं, आईने माझं काम एका वाक्यात बरोबर सांगितलं होतं. प्रशिक्षणाला अलाहाबादला गेले तेव्हा माझंही इंग्रजी पुस्तकातलंच होतं. बोलायला उभी राहिले की घसा सुकायचा.

तिथे एक गोष्ट कळली. आमच्या कामाला फर्डं इंग्रजी लागत नाही. ठरलेले थोडे शब्द लागतात, ते प्रत्येक वेळी तसेच म्हणायचे असतात, आणि आवाज संथ लागतो. रेडिओवर आम्ही ‘थ्री’ म्हणत नाही, ‘ट्री’ म्हणतो. ‘फाइव्ह’चं ‘फाइफ’, ‘नाइन’चं ‘नाइनर’. खरखरीतही आकडा चुकू नये म्हणून. ‘टेक-ऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. १९७७ साली स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो विमानं आदळली, ५८३ माणसं गेली. त्यातल्या एका वैमानिकाला उड्डाणाची परवानगी मिळालीच नव्हती, ती मिळाली असं समजून तो निघाला. तो शब्द राखून ठेवण्याचा नियम त्यानंतरचा. आमच्या पुस्तकातल्या कित्येक नियमांमागे अशी माणसं आहेत.

आपल्या देशातली अशी संध्याकाळ माझ्या अंगावर अजून येते. १२ नोव्हेंबर १९९६. मी नागपूरला ड्युटीवर होते. हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानं आकाशात एकमेकांवर आदळली. ३४९ माणसं, एकही वाचलं नाही. सौदी विमानाला १४ हजार फुटांवर राहायचं होतं, कझाक विमानाला १५ हजारांवर. मधे एक हजार फूट पुरेसे होते. कझाक विमान आपली उंची सोडून खाली आलं. चौकशीत भाषा नीट न समजण्याचा मुद्दा पुढे आला. त्यानंतर विमानात टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं, दिल्लीला येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या केल्या गेल्या. त्या रात्री ड्युटी संपल्यावर आम्ही सहा जण बराच वेळ घरी गेलो नाही, खुर्च्यांवर बसून राहिलो. त्या दिवसापासून मी वैमानिकाने आकडा परत म्हणून दाखवल्याशिवाय कधी पुढे गेले नाही. अस्पष्ट ऐकू आलं तर पुन्हा म्हणायला लावायचे, समोरचा कितीही अनुभवी असो. अडखळणाऱ्या मुलीचा यात फायदाच होतो. तिला सावकाश बोलायची सवय असते.

आता कामाचं. भारतीय विमानतळ प्राधिकरण ‘कनिष्ठ कार्यकारी (हवाई वाहतूक नियंत्रण)’ या पदाची जाहिरात काढतं. फिजिक्स आणि गणित असलेली बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंग चालतं. तुझ्या पदवीत गणित हा विषय आहे की नाही, हे आजच बघ. वयाची मर्यादा २७, ओबीसींना तीन वर्षांची आणि अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सवलत. परीक्षा संगणकावर असते. अर्धा पेपर गणित आणि फिजिक्सचा, अर्धा इंग्रजी, तर्क, सामान्यज्ञान. आतापर्यंतच्या परीक्षांत चुकीच्या उत्तराला गुण कापत नव्हते, तरी जाहिरातीत तपासून घे. पुढे आवाजाची चाचणी, मानसिक चाचणी, वैद्यकीय तपासणी. प्रशिक्षण प्रयागराजला, हैदराबादला किंवा आपल्या गोंदियाला होतं. मूळ वेतन ४० हजारांपासून सुरू होतं, भत्ते वेगळे. इंग्रजीची पातळी सहापैकी किमान चौथी लागते. ती सरावाने येते, मला आली.

पहिली नेमणूक घराजवळ मिळेलच असं नाही. देश मोठा आहे, आगरतळा किंवा जोधपूर सुद्धा मिळेल. जा. घरच्यांना हे पत्र वाचून दाखव. आणि आजीकडून एकदा नीट समजून घे, शेताचा बांध कुठून कुठपर्यंत होता, मिठागर कुठे होतं. लिहून ठेव.

रोज दहा मिनिटं मोठ्याने आकडे वाच, ‘ट्री’, ‘फाइफ’, ‘नाइनर’ असे, एकेक अंक सुटा. जाहिरात निघून तू अर्ज भरलास की मासिकाच्या पत्त्यावर कळव. आवाजाच्या चाचणीची तयारी मी करून घेईन. रविवारी कोपरखैरण्याला यायचं, गच्चीवर बसू.